पूर्ण वाक्यात सांग

केतन घरतच्या घरात शाळेबद्दल मराठीत बोलायला बंदी होती. भाजीबद्दल बोला, पाण्याच्या टाकीबद्दल बोला, शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल हवं तेवढं बोला. पण शाळेतली गोष्ट घरात यायची असेल तर ती इंग्रजीत, पूर्ण वाक्यात आणि क्रियापदाचा काळ बरोबर लावूनच आली पाहिजे. चुकली की परत. पुन्हा चुकली की पुन्हा परत. बरोबर वाक्य येईपर्यंत घरातल्या कोणी उत्तर द्यायचं नाही. हसू नका. आपल्यापैकी कितीतरी घरांत थोड्याफार फरकाने हेच चाललेलं असतं. फक्त आपण त्याला मुलांच्या भविष्याची काळजी असं गोंडस नाव देतो.

केतन उरणजवळच्या एका गावातला. आजोबा मिठागरात राबले, वडिलांनी भातशेती केली, आणि केतनने न्हावा शेवा बंदरात कंटेनरची ने-आण करणारे दोन ट्रेलर घेतले. कामात माणूस चोख. ट्रेलरवर कंटेनर चढला की चार कोपऱ्यांतली चार लॉक तो स्वतः हाताने हलवून बघायचा, ड्रायव्हरच्या शब्दावर विसंबायचा नाही. एकदा एका लॉकचा दांडा सैल लागला म्हणून त्याने भरलेली गाडी गेटवरून मागे घेतली होती आणि अख्ख्या रांगेच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

पण इंग्रजीचं नाव निघालं की याच माणसाचा तोल जायचा. त्याला कारण होतं. दीड वर्षापूर्वी एका मालवाहतूक कंपनीच्या मीटिंगमध्ये त्याला विचारलं, गाड्या कधी पाठवल्या? "आय ॲम सेंड टू ट्रेलर यस्टरडे," केतन म्हणाला. टेबलापलीकडची दोन कोरी करकरीत साहेबमंडळी एकमेकांकडे बघून हसली. गाड्या वेळेवर पोचल्या होत्या, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. केतन तिथून निघाला तो थेट पुस्तकांच्या दुकानात गेला, इंग्रजीतल्या बारा काळांचा भलामोठा तक्ता घेऊन आला आणि तो टीव्हीच्या वर ठोकला. पोरीला, रुचिताला, गावातल्या मराठी शाळेतून काढून इंग्रजी शाळेत घातलं. आपल्याला हसले तसं तिला कोणी हसू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. मनात होतं ते चुकीचं नव्हतं. राग येतो तो पुढच्या सगळ्याचा.

रुचिता आता सहावीत होती. एका सोमवारी संध्याकाळी ती दप्तरही न उतरवता बापासमोर उभी राहिली. तिला सांगायचं होतं ते इतकंच: शाळेच्या व्हॅनच्या सरकत्या दरवाजाचा खटका शनिवारी तुटला, तेव्हापासून ड्रायव्हर महिपतकाका तो दरवाजा नायलॉनच्या दोरीने बांधतात, आणि त्या दोरीला टेकून पहिलीतली ध्रुवी बसते. मराठीत दहा सेकंदांचं काम.

"पप्पा, महिपतकाका इज टाय..."

"इज टाय?" केतनने मोबाईल खाली ठेवला. "इजच्या पुढं काय येतं?"

"टाइंग. महिपतकाका इज टाइंग..."

"आता चाललंय काय ते? या घडीला?"

"नाही, रोज."

"रोज असला तर काय लावायचा? वर बघ."

रुचिताने तक्त्याकडे पाहिलं. रोज बांधतात ते एक झालं. पण दरवाजा तुटला तो शनिवारी, अजून तुटलेलाच होता, आणि आज तर दोरीसुद्धा सैल झाली होती. एवढ्याशा गोष्टीत चार काळ येत होते. बारा खान्यांवरून तिची नजर दोनदा खालीवर फिरली. मग "नथिंग, पप्पा" असं अगदी बिनचूक इंग्रजीत म्हणून ती आत निघून गेली.

"बघितलास?" केतन बायकोला, भाविकाला म्हणाला. "चूक कलली तिला. हलूहलू येल."

चूक कळली खरी. पण पोरगी सांगत काय होती, हे विचारावंसं त्या शहाण्याला वाटलं नाही. कंटेनरचं लॉक दोनदा हलवून बघणारा हा माणूस! बोलणं मात्र वरच्या रंगावरून पास-नापास करत बसला होता.

मंगळवारी रुचिताने वाटेतच वाक्य जुळवून ठेवलं होतं. घरात शिरताच तिने ते म्हटलं, "पप्पा, आय वॉज टेल यू यस्टरडे..."

"वॉज टेलिंग!" केतन खुर्चीतून उठलाच. "अगं, कालच सांगितला ना? वही आण."

तिने वही आणली. "आय वॉज टेलिंग यू" हे तिने दहा वेळा लिहिलं, समासासकट, वळणदार अक्षरात. दहाव्या ओळीखाली बापाने बरोबरची खूण केली, वर शाबासकी दिली आणि तो फोनवर बोलत ओटीवर गेला. मी तुम्हाला सांगत होते, असं पोरगी दहा वेळा लिहून देते आणि काय सांगत होतीस हे कोणी विचारत नाही, याला काय म्हणावं ते मला कळत नाही.

बुधवारी तिने आईला गाठलं. भाविका भाकऱ्या थापत होती. रुचिता तिच्या कानाशी जाऊन कुजबुजली, "आई, ऐक ना, आमच्या व्हॅनचा..."

"शालेचा हाय ना? मंग इंग्लिश!" दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या केतनचा आवाज आला.

भाविकाने भाकरी तव्यावर टाकली. तिला रोजच्या कटकटीचा कंटाळा आला होता, आणि कंटाळलेलं माणूस पटकन मान तुकवतं. "बोल ना बाय इंग्लिशमधी," ती म्हणाली. "उगाच पप्पा चिडतील. मना पन समजतंय आता थोडा थोडा."

रुचिताने तोंड उघडलं आणि मिटलं. खटक्याला इंग्रजीत काय म्हणतात तेच तिला ठाऊक नव्हतं.

गुरुवारी तिने प्रयत्नच केला नाही. घरी आली, जेवली आणि पुस्तक घेऊन बसली. त्याच संध्याकाळी केतन रामचंद्र गायकवाड सरांच्या घरी गेला होता. गायकवाड सर म्हणजे म्हसळ्याचे, एकतीस वर्षं हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले आणि उरणलाच स्थायिक झालेले. दहावीला केतन त्यांच्याच वर्गात होता आणि त्यांच्याच विषयात नापास झाला होता.

"सर, पोरीचे टेन्स कच्चे हायत," केतन म्हणाला. "महिनाभर तुमच्याकडं पाठवतो. घोटून घ्या."

"पाठव की. घरी बोलते का ती?"

"बोलते कुठं? चुकली की गप बसते. पन मी सोडत नाय. बरोबर बोलेपरेंत उत्तरच देत नाय मी."

सरांनी चहाचा कप बाजूला ठेवला. "म्हणजे ती तुला काही सांगायला आली तर आधी तिने परीक्षा पास व्हायची, आणि मग तू ऐकणार?"

"सवय लागायला पायजे ना, सर."

"केतन, एकतीस वर्षं मी हाच धंदा केला. काळ चुकवणारी पोरं मला कधी जड गेली नाहीत. चुकलेलं वाक्य निदान माझ्यासमोर असतं, मी ते दुरुस्त करू शकतो. जो तोंडच उघडत नाही त्याचं मी काय दुरुस्त करू? दहावीच्या अख्ख्या वर्षात तू माझ्या तासाला एक शब्द बोलला नाहीस. आठवतं? तेव्हा मी चुकणाऱ्याला बाकावर उभं करत होतो. तू नापास झालास त्यात निम्मा वाटा माझा होता."

केतनला हे आवडलं नाही. "तुम्ही अजून कडक असता तर बरा झाला असता, सर. त्या मीटिंगमधी माझा हसा झाला नसता."

"तुला हसले त्यांचं व्याकरण चांगलं असेल. रीत चांगली नव्हती. ती तू घरी कशाला घेऊन आलास?" सर थोडे चिडूनच बोलत होते. "आज घरी जा आणि पोरीला विचार, दिवसभरात काय झालं. कुठल्याही भाषेत सांगू दे. मध्ये तोडू नकोस. पाच मिनिटं नुसतं ऐक."

"व्हय सर," केतन म्हणाला. हे असं व्हय आपण सगळेच म्हणतो, निघायची घाई असली की. वाटेत एका ट्रेलरचा टायर बसल्याचा फोन आला, तो तिकडे गेला, आणि घरी पोचला तोवर पोरगी झोपली होती.

शुक्रवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, खाडीच्या पुलाआधीच्या वळणावर दोरी तुटली.

दरवाजा सरकन मागे गेला आणि ध्रुवी बसल्या जागेवरून बाहेर फेकली गेली. रुचिताने तिच्या दप्तराचे पट्टे धरले. ते तिने सोडले नाहीत. स्वतः अर्धी बाहेर ओढली गेली, कोपर दरवाजाच्या चौकटीवर आपटलं, पाय सीटखाली अडकला म्हणून तेवढी आत राहिली, पण व्हॅन थांबेपर्यंत पट्टे तिच्या मुठीत होते. मागून भरलेला ट्रेलर येत होता. त्याच्या ड्रायव्हरला वाऱ्यावर हलणारी दोरी लांबूनच दिसली होती आणि संशय आल्याने त्याने अंतर ठेवलं होतं. म्हणून त्याला गाडी आवरता आली. रस्त्यावरच्या परक्या माणसाला जे लांबून दिसलं ते व्हॅनमधल्या आठ पोरांच्या एकाही आईबापाला ठाऊक नव्हतं.

केतन बंदराच्या रांगेतून गाडी ड्रायव्हरवर सोडून दवाखान्यात धावला. ध्रुवीचे गुडघे आणि हनुवटी सोलवटली होती, बाकी ती धड होती. रुचिताच्या कोपराचं हाड मोडलं होतं, प्लास्टर घातलं होतं. बाहेरच्या बाकावर महिपत डोक्याला हात लावून बसला होता. केतनने त्याची कॉलर धरली.

"दोरीनं? पोरांच्या गाडीचा दरवाजा दोरीनं? माझ्या ट्रेलरचा एक लॉक ढिला असला तर मी लोखंड नेत नाय, आणि तू पोरा घेऊन फिरतोस?"

महिपतने कॉलर सोडवून घेतली नाही. "चुकला माझा," तो म्हणाला. "गाडी काढायलाच नको व्हती. मालकाला शनिवारपासून सांगतंय, तो म्हनतो रविवारी करू." मग त्याने मान वर केली. "पन तुमी कोनीच कसा आला न्हाय रं? आठ पोरा बसतात गाडीत. सगल्या पोरांना म्हायती व्हता. मना वाटला, एखादा बाप तरी भांडायला येल, मंग मालक ऐकल. रोज वाट बघितली."

केतनचा हात आपोआप खाली आला. तो आत गेला. रुचिता उशीला टेकून बसली होती, तोंड उतरलेलं.

"बाय, तुला माहीत होता दोरीचा?"

तिने मान हलवली.

"मंग मला सांगितला का नाय?"

रुचिताने ओठ ओले केले. तिची नजर वर गेली, समोरच्या भिंतीकडे, घरी तक्ता असतो त्या उंचीवर. "आय वॉज..." ती म्हणाली आणि अडखळली. "आय हॅव... आय हॅड..."

केतनला क्षणभर कळलं नाही ती काय करतेय. मग कळलं. हात प्लास्टरमध्ये, डोळ्यांत पाणी, आणि त्याची अकरा वर्षांची पोर बरोबर क्रियापद शोधत होती. गोष्ट शाळेची होती ना!

आयुष्यात त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्या मीटिंगमध्येसुद्धा नाही. "मराठीत सांग गो बाय," तो कसाबसा म्हणाला. "कशी पन सांग."

"सांगत होते ना पप्पा," रुचिता म्हणाली. "सोमवारपासून."

केतन खाटेच्या कडेवर बसला आणि तिथेच, नर्ससमोर, बायकोसमोर, ध्रुवीच्या आईसमोर रडला. रुचिताने डाव्या हाताने त्याची बाही धरून ठेवली. मग तिने सगळं सांगितलं, खटका, दोरी, ध्रुवीची जागा. दहा सेकंदही लागले नाहीत.

शनिवारी गायकवाड सर घरी आले. केतन त्यांच्या नजरेला नजर देईना.

"सर, मी तिच्या भल्यासाठीच करत होतो."

"माहीत आहे. भल्यासाठी नसतं तर तुझ्याशी भांडणं मला सोपं गेलं असतं." सर खुर्ची ओढून बसले. "हे बघ, इंग्रजी शिकव. सोडू नकोस. आमच्या बापजाद्यांना ती कोणी शिकू दिली नव्हती, तिची किंमत मला कोणी सांगायला नको. काळ, क्रियापदं, सगळं आलंच पाहिजे तिला. पण ते वही उघडल्यावर. पोर काही सांगायला आली की आधी शेवटपर्यंत ऐक, जे करायचं ते कर, आणि चूक फारच टोचत असेल तर दुसऱ्या दिवशी सांग. तिला मास्तर पुष्कळ मिळतील, मी आहे, शाळेतले आहेत. बाप तुझ्याशिवाय कोण आहे तिला?"

"मी ट्रान्सपोर्टवाला, सर," केतन म्हणाला. "दरवाजा आणि दोरी, एवढे दोन शब्द मला पुरले असते."

भाविका चहा घेऊन आली. "मी पन तेच केला," ती कोणी न विचारता म्हणाली. "इंग्लिशमधी बोल, सांगितला तिला."

सोमवारी शाळेने पालकांची सभा बोलावली. या सभा इंग्रजीत चालतात. मुख्याध्यापिका बाई इंग्रजीत बोलतात, निम्मे पालक माना डोलावतात, आणि बाहेर आल्यावर एकमेकांना विचारतात, काय ठरलं? त्या दिवशीही बाई घडल्या प्रकाराबद्दल इंग्रजीत खेद व्यक्त करत होत्या. व्हॅन बंद केली आहे, मालकाला नोटीस दिली आहे, असं सांगत होत्या. केतन मध्येच उभा राहिला.

"मॅडम, मी मराठीत बोलणार. इंग्लिशमधी बोललो तर चुकेन, आणि आज मला चुकायचं नाही." बाईंनी काही म्हणायच्या आत तो पालकांकडे वळला. "मी रुचिताचा बाप. त्या गाडीत आठ पोरं बसायची. आठ घरची माणसं इथं असतील. दोरीचं कोनाच्या पोरानं घरी सांगितलं होतं?"

कोणी हात वर केला नाही.

"माझ्या पोरीनं तीन दिवस सांगायचा प्रयत्न केला," केतन म्हणाला. "मी तीन दिवस तिचं व्याकरण तपासलं. तुमचं काय झालं ते तुम्ही सांगा. मी माझं सांगितलं."

मग एका मुलाची आई बसल्या जागेवरूनच म्हणाली, "माझा मुलगा रोज रोप, रोप करीत होता, म्हणजे दोरीच. मी म्हटलं, फुल सेंटेन्समध्ये सांग. मग बोललाच नाही." दुसऱ्या एकाने सांगितलं, त्याची मुलगी सकाळी व्हॅनमध्ये चढताना रडायची, त्याला वाटलं परीक्षेची भीती. कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका तरुण शिक्षिकेने मान खाली घातली. "एक मुलगा माझ्याकडे आला होता," ती मराठीत म्हणाली. "मी त्याला म्हटलं, स्पीक इन इंग्लिश. तो परत गेला."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्यापासून पहिल्यांदाच पालकांशी मराठीत बोलल्या. "यापुढे मुलांनी तक्रार कुठल्याही भाषेत सांगायची," त्या म्हणाल्या, "आणि ऐकणाऱ्याने ती आधी पूर्ण ऐकायची. हे शिक्षकांना लागू आहे आणि मलाही."

तेवढ्यात मागच्या रांगेतला बंदराच्या गणवेशातला एक माणूस उठला आणि गुडघ्यांतून वाट काढत दाराकडे निघाला. त्याच्या बायकोने त्याचा शर्ट धरला. "कुठं चाललात? संपली नाय अजून."

"आपला प्रणय परवापासून कायतरी सांगत होता," तो म्हणाला. "मी म्हटला, नीट बोल, मंग ऐकतो. त्याला काय सांगायचा होता तेच मला माहीत नाय."

तो गेला. त्याच्या मागोमाग आणखी एक जोडपं उठलं, मग एक आजोबा, मग पुढच्या रांगेतली ती रोपवाली बाई. पाच-दहा मिनिटांत निम्मी सभा रिकामी झाली आणि बाईंनी कोणालाही थांबवलं नाही.

तर मंडळी, सांगायचं ते एवढंच. मुलांना इंग्रजी शिकवा, चांगली शिकवा, बाराच्या बारा काळ शिकवा. चुकलेलं क्रियापद उद्या दुरुस्त होतं, परवाही होतं, नाही झालं तरी कोणाचा हात मोडत नाही. पण मूल काही सांगायला समोर येऊन उभं राहिलं की तेवढा वेळ लाल पेन खिशात ठेवा आणि ऐका. ज्या घरात बोलायच्या आधी पास व्हावं लागतं त्या घरात मुलं हुशार होत नाहीत, गप्प होतात, आणि आपण त्या गप्प बसण्याला शिस्त समजतो.

प्रणयला काय सांगायचं होतं ते मला कळलेलं नाही. तुमच्या घरात कोणाचं काय सांगायचं राहून गेलंय, तेही मला माहीत असायचं कारण नाही. तुम्हाला तरी माहीत आहे का? नसेल तर हे वाचणं इथेच थांबवा आणि आत जाऊन विचारा.